‘दोन एमबीची लाइन’ म्हणजे किती?

सोसायटीत फायबर आलं की आठवड्याभरात कुणीतरी कुरकुर करतंच: कनेक्शन घेतलं शंभर एमबीचं आणि फाइल उतरवताना आकडा बाराच्या पुढे सरकत नाही. बहुतेक वेळा फसवणूक झालेली नसते. शंभर हे मेगाबिट, बारा हे मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे साडेबारा. पण बोलताना दोन्ही ‘एमबी’च. ही सवय लीज लाइनच्या, म्हणजे ऑफिसांनी भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र लाइनच्या, काळापासूनची. सेकंदाला २.०४८ मेगाबिटच्या ई-१ नावाच्या जोडणीला ऑफिसांत सर्रास ‘दोन एमबीची लाइन’ म्हणत. तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला पाव मेगाबाइटच यायचं.

मात्र नुसतं आठने भागून भागत नाही. टेलिफोनवाले आणि संगणकवाले यांची मोजणी मुळातच दोन वेगळ्या घरांत वाढली.

टेलिफोनच्या घरात सगळं माणसाच्या आवाजापासून सुरू होतं. फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पाठवतात. तो आकड्यांत पकडायला सेकंदाला ८,००० नमुने पुरतात. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून एका संभाषणाला ६४ किलोबिट. या पद्धतीची कल्पना ब्रिटिश अभियंता अ‍ॅलेक रीव्हज यांनी १९३७ मध्ये मांडली. अमेरिकेत १९६२ पासून २४ संभाषणं एका जोडणीत बसवून १.५४४ मेगाबिटची टी-१ नावाची जोडणी वापरात आली. युरोपाने ३२ कप्पे घेतले: ३२ गुणिले ६४, म्हणजे २.०४८. भारताने युरोपाचीच पद्धत उचलली. २०४८ हा आकडा पाहून संगणकवाल्याला आपलं कुणी भेटल्यासारखं वाटतं, पण इथला हजार साधा हजारच आहे, संगणकवाल्यांचा १०२४ नव्हे.

भारतातली स्थानिक जंक्शनसाठीची, म्हणजे एक्स्चेंज ते एक्स्चेंज दुव्यासाठीची, पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली, तीही पुण्यातच. (पुणेकर ही गोष्ट फारशी सांगत नाहीत, हे आश्चर्यच.) काचेचा तंतू आला तरी हिशेब फोनचाच राहिला. १९८८ मध्ये एसडीएचची, म्हणजे फायबरवरून अनेक जोडण्या एकत्र नेण्याच्या पद्धतीची, आंतरराष्ट्रीय मानकं ठरली, तेव्हा तिची पहिली पायरी, एसटीएम-१, अशी आखली: ९ ओळी, २७० रकाने, प्रत्येक घरात एक बाइट, आणि असा तक्ता सेकंदाला ८,००० वेळा. गुणाकार केला की १५५.५२ मेगाबिट. अमेरिकेतल्या तशाच पायरीचा, ओसी-३ चा, वेगही हाच. चौपट केलं की ६२२.०८. हे आकडे विचित्र दिसतात, कारण ते कुणी निवडलेले नाहीत; ते गुणाकारातून पडलेले आहेत.

संगणकाच्या घरात असं एकच मूळ नाही. संगणकाला मोडेमसारखी यंत्रं जोडणाऱ्या, १९६० पासूनच्या आरएस-२३२ सिरियल पोर्टवर एकामागून एक बिट जातं आणि प्रत्येक अक्षराला पुढे-मागे एकेक बिट जोडावं लागतं. म्हणून ९,६०० च्या वेगाला आठने नव्हे, दहाने भागायचं: सेकंदाला ९६० अक्षरं. डिस्क वगैरे जोडायच्या १९८६ च्या स्कझी (SCSI) या जोडणीत मात्र आठ तारांवरून आठ बिटं एकदमच निघतात, त्यामुळे तिथे मोजणी थेट बाइटची. आधी सेकंदाला ५ मेगाबाइट, मग १०, २०, ४०, ८०, दुपटी-दुपटीने.

आता दोन्ही घरांची सोयरीक जुळवून पाहू. १५५.५२ ला आठने भागलं की १९.४४, म्हणजे २० मेगाबाइटच्या अल्ट्रा स्कझीच्या अगदी जवळ. ६२२.०८ चे होतात ७७.७६, समोर ८० ची अल्ट्रा-२ वाइड. पत्रिका जुळल्यासारखी वाटते, पण हा निव्वळ योगायोग. शिवाय एसटीएम-१ मधला काही भाग लाइनच्या देखरेखीलाच जातो आणि मालासाठी, म्हणजे खऱ्या डेटासाठी, १४९.७६ मेगाबिट उरतात. वर एटीएम (पैसे देणारं नव्हे, डेटा ठरावीक मापाच्या छोट्या डब्यांत भरून पाठवण्याची पद्धत) वापरलं, तर ५३ बाइटच्या प्रत्येक डब्यात माल ४८ चाच. हा ४८ म्हणजे अमेरिकेचा ६४ चा आग्रह, युरोपाचा ३२ चा, त्यातून निघालेली तडजोड. आता उरले १६.९५ मेगाबाइट. त्यात ६५० एमबीची सीडी १०२४ च्या हिशेबाने मोजलेली. कागदावर ३३ सेकंदांत जाणारी सीडी प्रत्यक्षात निदान ४० सेकंद घेते.

दहाने भागण्याची रीत पुढे परत आली. साटा (SATA) या डिस्क जोडायच्या नव्या पद्धतीत आठ बिटं दहा बिटांच्या वेषात पाठवतात, त्यामुळे दीड गिगाबिटचे १५० मेगाबाइट होतात, १८७ नाही. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून, जुनी डिस्क बसवायला खोका आणणाऱ्यांपैकी अनेकांचा हिशेब इथेच चुकतो.

आणि घरातलं फायबर? बहुतेक ठिकाणी ते जीपॉन (GPON), म्हणजे एकच फायबर अनेक घरांना वाटून देणारी पद्धत, असतं. त्याचा खाली येणारा वेग २.४८८३२ गिगाबिट, म्हणजे १५५.५२ च्या बरोबर सोळापट, आणि तो अनेक घरांत वाटला जातो. त्याची प्रत्येक चौकट १२५ मायक्रोसेकंदांची असते. सेकंदाला ८,०००.