मणका मोडला म्हणजे पाय गेलेच का?

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूरकडे कुणी ट्रॉलीवरून पडलं, की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: 'मणका मोडला म्हणजे पाय गेले, आणि ऑपरेशन केलं तर उरलेसुरलेही जातात.'

मणका हाड आहे, मज्जारज्जू त्यातून जाणारी नस. हाड मोडूनही नस शाबूत राहू शकते. शिवाय मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. खाली नुसता नसांचा झुबका, म्हणजे तिथलं हाड मोडलं तर मज्जारज्जू वाटेत येत नाही.

ऑपरेशन करायचं का, हे ठरवायला 2005 पासून गुण देण्याची एक पद्धत आहे. छाती-कमरेच्या मणक्यासाठी तीन गोष्टी पाहतात: हाड कसं मोडलं, मागचे अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे लिगामेंट) तुटलेत का, नसांचं काय. साध्या चेपलेल्या मणक्याला 1 गुण, फुटलेल्याला 2. एकूण 3 पर्यंत असेल तर सहसा पट्टा आणि औषधं, 5 किंवा जास्त असेल तर ऑपरेशन, 4 ला दोन्ही चालतं. गंमत म्हणजे मज्जारज्जूची अर्धवट इजा 3 गुणांची, पूर्ण इजा 2 ची. कारण अर्धवटात वाचवण्यासारखं जास्त असतं.

ऑपरेशनला धोका आहेच. पण लुळेपणा बहुतेकदा मूळ मारातूनच आलेला असतो, आणि भीतीपोटी थांबण्यात वेळ जातो.

पडताळायचं असेल तर डॉक्टरांना विचारा: 'नस दबलीय का? अस्थिबंध शाबूत आहेत का?' दाखल होताना पायाची बोटं हलत होती का, याची नोंदही केसपेपरवर बघा.

आणि हो, पडलेल्याला हातपाय धरून जीपमध्ये टाकू नका. 108 ला फोन करा.