मरण ठरलेल्या पात्रांना वाचवण्याचा हक्क: व्हिडिओ गेममधील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

व्हिडिओ गेमच्या सुरुवातीच्या काळात मरण हा निव्वळ हिशोबाचा भाग होता. आर्केडच्या यंत्रात नाणे टाकले की ठरावीक जीव मिळत, ते संपले की आणखी एक नाणे टाकावे लागे. घरगुती संगणक आणि कन्सोल आल्यावर नाण्याची जागा खेळ जिथवर आला ते साठवणाऱ्या सेव्ह फाइलने घेतली, पण शिकवण तीच राहिली: बिघडलेले पुन्हा नीट करता येते, फक्त मागे जाऊन तेवढा भाग परत खेळावा लागतो. पुढे याच यंत्रांवर गंभीर कथा सांगितल्या जाऊ लागल्या आणि लेखकांनी खेळाडूंना ज्यांचा लळा लागला आहे अशी पात्रे कायमची मारायला सुरुवात केली, तेव्हा खेळाडूंच्या हाती असलेली ही मुभा आणि लेखकाचा निर्णय यांची टक्कर होणे अटळ होते. कथेत मरणार हे ठरलेल्या पात्राला वाचवण्याची सोय खेळाडूला असावी की नसावी, हा आजही अधूनमधून पेटणारा वाद त्या टक्करीतून आला आहे. (पुढील मजकुरात अनेक गेम्सचे शेवट उघड केले आहेत, कारण ते टाळून हा विषय मांडता येणार नाही.)

या वादाचे एक आरंभीचे उदाहरण चित्रे नसलेल्या गेममध्ये सापडते. अमेरिकेतील इन्फोकॉम कंपनीने 1983 मध्ये ‘प्लॅनेटफॉल’ हा केवळ मजकुरावर चालणारा गेम काढला. स्टीव्ह मेरेट्स्की यांनी लिहिलेल्या या गेममध्ये फ्लॉइड नावाचा लहान मुलासारखा वागणारा रोबो खेळाडूच्या मागेमागे फिरतो, मध्येच काहीतरी बरळतो, खेळायला चल म्हणतो. पुढे विक्राळ प्राण्यांनी भरलेल्या प्रयोगशाळेतून एक कार्ड आणायला तो आपणहून आत जातो, कार्ड घेऊन बाहेर येतो आणि खेळाडूसमोर प्राण सोडतो. कार्डावाचून गेम पुढे सरकत नाही, म्हणजे फ्लॉइडला आत जाऊ देण्यावाचून इलाज नसतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. गेम पूर्णपणे यशस्वी रीतीने संपवला, तर शेवटी फ्लॉइड दुरुस्त होऊन परत येतो. मरण अटळ ठेवायचे, पण त्याची भरपाई बक्षीस म्हणून द्यायची, ही तडजोड इतकी जुनी आहे.

जपानी गेम्समध्ये हा प्रश्न अधिक टोकदार झाला, कारण तिथे मेलेल्याला उठवण्याची सोय नियमांतच होती. सेगाच्या ‘फँटसी स्टार 2’ (1989) मध्ये लढाईत मेलेले साथीदार क्लोन प्रयोगशाळेत नेऊन परत जिवंत करता येतात. नेई नावाची तरुणी मात्र कथेच्या ओघात मरते आणि तीच प्रयोगशाळा तिच्यापुढे हात टेकते. खेळाडूने तोवर त्या प्रयोगशाळेत किती वेळा पैसे मोजून माणसे उठवली असतील, याचा विचार केला म्हणजे चिडचिड कुठून आली ते कळते. मरणाचे दुःख एक वेळ सोसवते, पण कालपर्यंत चालणारा नियम आज का चालत नाही, याचे उत्तर मिळाले नाही की फसवणूक झाल्यासारखे वाटते. माझ्या मते या वादातील बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

त्याच सुमारास ‘फायर एम्ब्लेम’ने (1990) उलट टोक गाठले. इंटेलिजंट सिस्टिम्सच्या या डावपेचांच्या गेममध्ये लढाईत पडलेला सैनिक कायमचा गेला, असा सर्वसाधारण नियम होता. कुणाच्या नशिबी मरण येणार हे लेखक ठरवत नसे, ते खेळाडूच्या चालींवर ठरे. शेवटाकडे एका माणसाला परत आणणारी काठी मिळे, पण ती नायक मार्थची बहीण एलिस हिलाच वापरता येई. कुणाला उठवायचे, हा निर्णय तेवढा खेळाडूकडे राही. प्रत्यक्षात बहुतेक खेळाडूंनी निवडलेला मार्ग याहून सोपा होता. लाडका सैनिक पडला की कन्सोलचे रीसेटचे बटण दाबायचे आणि तो अध्याय पहिल्यापासून खेळायचा. कायमच्या मरणाचा नियम कागदावर कडक राहिला आणि व्यवहारात मात्र वेळ खर्चून माफी मिळवण्याची रीत बनला. निर्मात्यांनी अखेर ही वस्तुस्थिती मान्य केली. 2010 मध्ये जपानपुरत्या निघालेल्या भागात ‘कॅज्युअल’ पर्याय आला, ज्यात पडलेले सैनिक लढाई संपल्यावर परत येतात, आणि 2012 च्या ‘फायर एम्ब्लेम अवेकनिंग’मधून तो जगभर पोहोचला. जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली, पण रीसेट दाबून सगळ्यांना जिवंत ठेवणारे आणि पर्याय निवडून जिवंत ठेवणारे यांच्यात नेमका कोणता नैतिक फरक आहे, हे त्यांच्यापैकी कुणी पटेल असे सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

1995 हे वर्ष या इतिहासात विशेष समृद्ध आहे. स्क्वेअरच्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये खुद्द नायक क्रोनो मध्यावर नाहीसा होतो. त्याला परत आणता येते. त्यासाठी काळाच्या प्रवासात मागे जाऊन मरणाच्या नेमक्या क्षणी त्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा बाहुला ठेवावा लागतो, आणि तो बाहुला आधी जत्रेतल्या खेळात मिळवावा लागतो. हे सारे ऐच्छिक आहे. नायकाला मेलेलाच ठेवून गेम संपवता येतो. याच गेममधला एक लहानसा प्रसंग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. क्रोनोची मैत्रीण लुका हिच्या आईचे पाय लहानपणी घरातल्या यंत्रात सापडून निकामी झालेले असतात. एका रात्री लुकाला त्या दिवसात परत जाण्याची संधी मिळते. आईचा झगा यंत्रात अडकलेला असतो, यंत्र पुढे सरकत असते, आणि ते थांबवण्याचा संकेतशब्द म्हणजे आईचे नाव, लारा. कंट्रोलरवरची एल, ए, आर, ए ही बटणे त्या क्रमाने वेळेत दाबली तर आई वाचते. चुकलात तर चुकलात. कथा थांबत नाही, आई पायांनी अधू राहते आणि लुका तशीच पुढे जगते. सोडवणूक शक्य आहे आणि अपयशही शक्य आहे, आणि दोन्हींना कथेत जागा आहे. या विषयावर पुढे जे लांबलचक युक्तिवाद झाले, त्यांतले बरेचसे या चार बटणांत सामावलेले आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोनामीचा ‘सुइकोदेन’ आला. एकशे आठ बंडखोरांच्या जुन्या चिनी कादंबरीवरून प्रेरणा घेतलेल्या या गेममध्ये नायकाला लहानाचा मोठा करणारा ग्रेमिओ दाराआड स्वतःला कोंडून घेऊन इतरांना वाचवतो आणि मरतो. तो प्रसंग टाळता येत नाही. मात्र खेळाडूने एकशे आठही साथीदार जमवले आणि वाटेत कुणाला गमावले नाही, तर ग्रेमिओ परत येतो. इथे सोडवणुकीची किंमत सोय किंवा नशीब यांत मोजलेली नाही. कानाकोपऱ्यात फिरून माणसे जोडण्याच्या चिकाटीत मोजलेली आहे, आणि माणसे जोडणे हाच त्या गेमचा विषय आहे.

यानंतरचा प्रसंग असा की, आजही या वादात त्याचे नाव पहिले निघते. ‘फायनल फँटसी 7’ 31 जानेवारी 1997 रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. तीन डिस्कच्या त्या गेमच्या पहिल्या डिस्कच्या अखेरीस नायकाची साथीदार एरिथ मारली जाते. हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. एरिथ प्रार्थनेला बसलेली असते आणि नायक क्लाउड तिच्यापर्यंत पोहोचतो. तिथे गेम काही क्षण सूत्रे खेळाडूच्या हाती देतो, पण कोणतेही बटण दाबले तरी क्लाउड तलवार उपसून तिच्यावर उगारण्याच्याच दिशेने जातो. सोबती ओरडून त्याला थांबवतात, तो भानावर येतो, आणि तेवढ्यात वरून खलनायक सेफिरोथ उतरून तिला भोसकतो. लगेच लढाई सुरू होते, पण नेहमीचे लढाईचे संगीत वाजत नाही. नोबुओ उएमात्सु यांनी एरिथसाठी रचलेली संथ धून लढाईभर चालू राहते. खेळाडूच्या झोळीत त्या वेळी फिनिक्स डाउन नावाची, पडलेल्याला उठवणारी वस्तू ढिगाने असते. तिचा इथे उपयोग नाही.

दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी पुढे मुलाखतींत यामागचा विचार सांगितला. कथांमधील बलिदान आधीपासून तयारी करून, मोठ्या नाट्याने घडवले जाते, तर खऱ्या आयुष्यात माणसे अचानक जातात आणि मागे पोकळी आणि ‘आधी कळले असते तर’ ही हळहळ उरते. त्यांना ती पोकळी हवी होती. हा विचार खेळाडूंपर्यंत पोहोचला असे म्हणावे लागेल, फक्त त्यांनी त्याला दिलेले उत्तर वेगळे होते. इंटरनेट नुकतेच घराघरांत शिरत होते आणि एरिथला परत आणण्याच्या युक्त्यांच्या अफवा त्यावरून पसरत राहिल्या: अमुक वस्तू अमुक ठिकाणी न्या, अमुक पात्राशी इतक्या वेळा बोला. स्क्वेअरने तिला परत आणावे म्हणून अर्जही फिरले. या अफवांना गेमनेच खतपाणी घातले होते. एरिथचे सर्वांत प्रभावी अस्त्र ‘ग्रेट गॉस्पेल’ पहिल्या डिस्कमध्येच मिळवता येत असे, आणि त्यासाठी बरीच खटपट करावी लागे. जे पात्र लवकरच मरणार, त्याला इतके मोठे अस्त्र कशासाठी? खेळाडूंनी यातून ती परत येणार असा निष्कर्ष काढला आणि तो तर्काला धरूनच होता. गेमचे नियम मोडू देणारे चीट यंत्र जोडून तिला गटात परत बसवता येई, पण कथा तिच्याशिवायच पुढे जाई.

हट्टाने सोडवणूक घडवून आणण्याची ही वृत्ती गेमपुरती नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधील कॉर्डेलियाला नेहम टेट याने 1681 मध्ये जिवंत ठेवले, आणि इंग्रजी रंगभूमीवर दीड शतक मुख्यतः तीच सुखान्त आवृत्ती चालली, 1838 मध्ये मॅक्रेडी या नटाने मूळ शेवट परत आणला. गेमच्या बाबतीत फरक एवढाच की प्रेक्षकाच्या हाती कंट्रोलर असतो, आणि म्हणून त्याला आपण फक्त प्रेक्षक नाही असे वाटते.

पुढच्या दशकात निर्मात्यांनी या भावनेला वाट करून द्यायला सुरुवात केली. बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट 2’मध्ये (2010) शेवटची मोहीम अशी रचली आहे की सारे साथीदार जगू शकतात, सारे मरूही शकतात, आणि दोनपेक्षा कमी वाचले तर नायक शेपर्डही जिवानिशी जातो. कोण जगणार हे जहाजाच्या सुधारणा केल्या की नाही, साथीदारांची वैयक्तिक कामे करून त्यांची निष्ठा मिळवली की नाही आणि योग्य माणसाला योग्य काम दिले की नाही, यावर ठरते. ही रचना कौतुकास पात्र आहे, पण तिची एक कमतरता लवकरच दिसली. सगळ्यांना वाचवण्याचा मार्ग एकदा माहीत झाला की मरण म्हणजे परीक्षेत गेलेले गुण ठरते.

त्याचा पुढचा भाग (2012) या बाबतीत अधिक धीट आहे. तिथे शास्त्रज्ञ मॉर्डिन एका वंशाला झालेल्या जनुकीय व्याधीवरचा उपाय पसरवताना मरतो. त्याला वाचवता येते, पण त्यासाठी पहिल्या भागात रेक्स हा साथीदार मेलेला असावा लागतो, दुसऱ्या भागात एका संशोधनाची माहिती नष्ट केलेली असावी लागते, आणि मग मॉर्डिनला उपाय न पसरवण्यास पटवावे लागते. म्हणजे एका मित्राचा जीव एका संपूर्ण वंशाच्या भविष्याच्या मोबदल्यात मिळतो. सोडवणुकीला इतकी जड किंमत लावणारे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. याच गेमच्या शेवटावरून मात्र चाहत्यांत मोठा क्षोभ झाला, जूनमध्ये बायोवेअरने शेवटाची विस्तारित आवृत्ती फुकट दिली, आणि तेवढ्याने समाधान न झालेल्यांनी शेपर्ड जगेल असा मॉड, म्हणजे गेममध्ये खेळाडूंनी स्वतः केलेला बदल, तयार केला. मॉडमुळे हा वाद एका अर्थी निकालात निघाला: निर्मात्याने नाकारलेली सोडवणूक संगणकावर खेळणारा स्वतःच बसवून घेऊ शकतो.

2015 च्या दोन गेम्सनी जुन्या सेव्हवर परत नेणारे रीलोडचे बटणच कथेत ओढले. ‘लाइफ इज स्ट्रेंज’मध्ये नायिका मॅक्सला काळ मागे नेता येतो आणि खेळाडू ती शक्ती सवयीने वापरत असतो. तिची मैत्रीण केट जीव द्यायला छपरावर चढते त्या प्रसंगी मॅक्सची शक्ती थकलेली असते आणि मागे जाता येत नाही. केटला वाचवता येते, पण आधीच्या दिवसांत तिच्याशी कसे वागलो आणि तिच्याविषयी काय लक्षात ठेवले, तेच कामी येते. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’मध्ये टोरिएल ही ममताळू बाई वाट अडवून उभी राहते. बरेच खेळाडू तिच्याशी लढतात, ती मरते, त्यांना वाईट वाटते, आणि ते जुन्या सेव्हवर जाऊन या वेळी दया दाखवण्याचा पर्याय पुन्हापुन्हा निवडून तिला वाचवतात. पुढच्याच खोलीत फ्लाउई नावाचे फूल त्यांना सुनावते की तू तिला मारलेस आणि मग पश्चात्ताप होऊन मागे आलास, हे मला ठाऊक आहे. ‘फायर एम्ब्लेम’च्या खेळाडूंनी पंचवीस वर्षे एकांतात केलेला व्यवहार इथे तोंडावर बोलून दाखवला गेला.

एरिथच्या कथेकडे तिचे निर्माते स्वतःच परतले. 2020 च्या ‘फायनल फँटसी 7 रीमेक’मध्ये मूळ कथा ठरल्याप्रमाणे घडावी म्हणून झटणाऱ्या धूसर आकृत्या आणल्या आहेत आणि शेवटी खेळाडू त्यांच्याशीच लढतो. म्हणजे 1997 च्या शेवटाविरुद्धचे जुने बंड त्यांनी कथेतच सामील करून घेतले, आणि आता ती वाचणार अशी आशा जाणूनबुजून जागवली. 29 फेब्रुवारी 2024 रोजी आलेल्या ‘रीबर्थ’मध्ये क्लाउड एका क्षणी सेफिरोथची तलवार खरोखर बाजूला सारतो, आणि पुढच्याच क्षणी एरिथ रक्ताने माखलेली दिसते. यानंतर ती फक्त त्याला दिसत राहते. ही संदिग्धता कलात्मक आहे की दोन्ही दरडींवर हात ठेवण्याचा प्रकार आहे, याबद्दल मतभेद आहेत; माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, कारण मूळ गेमचे सामर्थ्य तिथे काहीही संदिग्ध नसण्यात होते.

त्यामानाने लॅरियन स्टुडिओजने 2023 मध्ये घेतलेली भूमिका मला अधिक सरळ वाटते. ‘बाल्डर्स गेट 3’मधील कार्लाक हिच्या छातीत नरकात बनवलेले इंजिन आहे आणि ते तिला आज ना उद्या जाळून टाकणार आहे. गेम ऑगस्टमध्ये आल्यावर तिला बरे करण्याची मागणी जोरात झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारणेत, तिचा शेवट विस्तारला गेला. इंजिन दुरुस्त करण्याचा मार्ग मात्र त्यात दिलेला नाही. तिला आहे त्याच रूपात जगायचे असेल तर जिथून ती पळून आली त्या नरकात परत जावे लागते. खेळाडूला तिच्या सोबतीला जाता येते, आणि तिथल्या लढाईचे पुढे काय होईल ते गेम सांगत नाही.