आयात गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: काढायची परवानगी मिळत नाही, बदलता येतो

बडोद्यात परदेशी गाड्या बाळगणारे बरेच जण आरटीओत विचारतात, ‘कन्व्हर्टर काढायचा फॉर्म कोणता?’ असा फॉर्मच नाही. (कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाच्या धुरातले घातक वायू कमी करणारा डबा.) परिवहन पोर्टलवर ‘ऑल्टरेशन’ दिसतं म्हणून अर्ज टाकला की तो परत येतो, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही. तसाच काढलात तर कलम १८२अ(४) प्रमाणे दर फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

‘काढून टाका, गाडी पळेल’ हा सल्ला शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. शिसं आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमच्या थरावर बसून तो निकामी करायचं. पण १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचंच पेट्रोल मिळतं. आज तो खराब होतो तो बहुधा मिसफायरमुळे (इंजिनात इंधन नीट न पेटल्यामुळे) किंवा ऑइल जळाल्यामुळे. आधी ते दुरुस्त करा, नाहीतर नवाही जाईल.

खरं अडतं ते पीयूसीला, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राला. बीएस-४ (भारत स्टेज या प्रदूषण निकषांचा चौथा टप्पा) पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. कन्व्हर्टरच्या जागी नुसता पाइप असेल तर हे क्वचितच जमतं. मात्र नापास झालात म्हणून लगेच घाबरू नका. थंड कन्व्हर्टर काम करत नाही, आणि लोक घरातून काढलेली गाडी थेट कोपऱ्यावरच्या केंद्रात नेतात. वीसेक मिनिटं चालवून, चांगली तापवून मग नळी लावू द्या.

मुदतीतही घोळ होतो. वर्षभराचं पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ ला. त्याआधीच्या गाडीला सहाच महिने. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत भरायचा. लोक तो तारीख उलटल्यावर भरतात. आयात गाडीचं शुल्क ४०,००० रुपये, वीस वर्षांपुढे ८०,०००. म्हणून पैसे भरण्याआधी पीयूसी हातात घ्या. आरसी आणि विमा लागतातच.

कन्व्हर्टर बदलताना मात्र पार्ट नंबर, गाडीचा नंबर आणि चासिस नंबर लिहिलेलं पक्कं जीएसटी बिल मागा. हा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो, आणि तपासणीत शंका आली की दाखवायला दुसरं काही उरत नाही. साध्या कागदावर ‘सायलेन्सर काम’ लिहून देणाऱ्याला काम देऊ नका. जुना कन्व्हर्टरही गॅरेजात सोडू नका. आतल्या धातूला चांगला भाव येतो, तो बिलातून वळता करून घ्या.