ब्रेकच्या डिस्कला कमजोर बीडच का लागते?

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंचीवर आहे, खोपोली जेमतेम 60 मीटरवर. बोरघाट उतरणारी प्रत्येक गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. दीड टनाच्या मोटारीचा हिशेब केला तर या उतारात सुमारे 80 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. हीच गाडी ताशी 100 किलोमीटर वेगात असताना पूर्ण थांबवायला 6 लाख ज्यूलही लागत नाहीत. एक घाट उतरणे म्हणजे हायवेवर तेरा-चौदा वेळा करकचून ब्रेक मारणे, तेही मध्ये उसंत न घेता. 40 टनांच्या भरलेल्या ट्रेलरसाठी हा आकडा 60 युनिट विजेएवढा होतो. महिन्याला 180 युनिट वापरणाऱ्या घराला तेवढी वीज दहा दिवस पुरेल. यातला काही भाग हवा, टायर आणि इंजिन खातात. बाकी सगळ्याची उष्णता होते, आणि ती चाकामागच्या लोखंडाला पेलावी लागते.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना अजून ड्रम ब्रेक आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. इथे मोटारीच्या डिस्कबद्दल, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीबद्दल बोलू. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड तिच्यावर दाबतो आणि घर्षणाने गाडी थांबते.

ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून सुमारे 70 टक्के काम पुढच्या दोन डिस्क करतात. प्रत्येक डिस्क सात किलोची धरू. घाटातली उष्णता या चौदा किलो लोखंडात शिरली आणि बाहेर पडलीच नाही, तर तापमान 800 अंश सेल्सिअसच्या वर जाईल. लोखंड वितळायला ते पुरेसे नाही, पण आजूबाजूचे सगळे त्याआधीच हात टेकते. पॅडमध्ये भुकटी बांधून ठेवणारे रेझिन साडेतीनशे-चारशे अंशांच्या आसपास विघटित होऊ लागते, त्याचा वायू होतो आणि घर्षण घसरते. कॅलिपरमधून उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट 3 दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जाते. ऑइल ठरल्या मुदतीत बदलणे हे मला म्हणूनच गाडीच्या देखभालीतले सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

आता खुद्द डिस्ककडे येऊ. ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. आपल्या डोशाच्या तव्याचे जे बीड, त्याच कुळातले. मजबूत पोलादाचे शेकडो प्रकार उपलब्ध असताना, ताण दिला तर सहज तुटणारा हा धातू जीव वाचवणाऱ्या भागासाठी का निवडायचा?

उत्तर बिडाच्या पोटात आहे. राखाडी बिडात तीन ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ, वेड्यावाकड्या पाकळ्यांच्या रूपात लोखंडात पसरलेला असतो. ताकदीच्या दृष्टीने या पाकळ्या म्हणजे आधीच पडलेल्या भेगाच. बीड ठिसूळ असते ते त्यांच्यामुळे. पण ग्राफाइट उष्णतेचे उत्तम वाहक आहे आणि पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे उष्णतेला पृष्ठभागापासून आतपर्यंत वाट मिळते.

ही वाट इतकी महत्त्वाची का, ते एका ब्रेकमध्ये काय घडते यावरून कळते. जोरात ब्रेक मारल्यावर काही सेकंदांत पृष्ठभागाचे तापमान शेकडो अंशांनी वर जाते, गाभा मात्र अजून थंड असतो. तापलेल्या थराला प्रसरण पावायचे असते, थंड गाभा त्याला धरून ठेवतो. थर दाबला जातो, आणि दाब फार वाढला तर कायमचा आखडतो. मग गाडी पुढे निघते, थर थंड होतो, आणि आखडलेला थर आता ताणला जातो. असे पुन्हा पुन्हा झाले की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. डिस्क एकसारखी तापली तर बरेच काही सोसते. तिला मारतो तो एकाच वेळी दोन जागांच्या तापमानात असलेला फरक.

हा ताण तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: धातू किती ताठ, तापल्यावर किती वाढतो आणि तापमानात फरक किती. ग्राफाइटच्या पाकळ्या यातल्या दोन गोष्टी कमी करतात. उष्णता लवकर पसरते म्हणून फरक कमी, आणि धातूच लवचिक असतो म्हणून त्याच फरकाला ताण कमी. एसजी आयर्न या बिडाच्या दुसऱ्या प्रकारात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते. ते राखाडी बिडापेक्षा कितीतरी मजबूत, पण जवळजवळ दीडपट ताठ, आणि उष्णता वाहून नेण्यात मागे: राखाडी बिडाचा आकडा साधारण 50 धरला तर याचा 35. कोल्हापूरच्या फाउंड्रीत दोन्ही ओतले जातात आणि कोणते कुठे वापरायचे हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. याच तर्काने कठोर वापराच्या डिस्कसाठी कार्बन आणखी वाढवतात, 3.6 ते 3.9 टक्क्यांपर्यंत. धातू अजून कमजोर होतो, डिस्क अधिक टिकते. पदार्थविज्ञानातला हा सौदा मला फार सुंदर वाटतो. शिवाय याच पाकळ्या कंपने शोषतात, म्हणून ब्रेक कमी किंचाळतात.

उष्णता आत पसरली, आता ती बाहेर जायला हवी. पुढच्या चाकांची डिस्क बहुधा व्हेंटिलेटेड असते: दोन चकत्या आणि मध्ये पात्यांच्या भिंती. चाक फिरले की मधल्या पोकळीतली हवा कडेने बाहेर फेकली जाते आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागाच्या बाजूने ताजी हवा आत ओढली जाते. पाती वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी बनवावी लागते. ही पोकळी ओतताना साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने, म्हणजे कोअरने घडवतात. कोअर थोडा जरी सरकला तरी एक चकती जाड आणि दुसरी पातळ होते, दोन्ही बाजू वेगवेगळ्या तापतात. डिस्कची जाडी फेऱ्यात पंधरा-वीस मायक्रॉनने कमीजास्त झाली तरी ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते. डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो.

आकारातही हीच काळजी. 280 मिलिमीटर व्यासाची डिस्क 500 अंशांनी तापली तर व्यास दीड मिलिमीटरहून अधिक वाढतो. पण ती जिथे हबला बोल्टने आवळलेली असते तो मधला भाग, ज्याला हॅट म्हणतात, तुलनेने थंड राहतो. कडा वाढते, मध्य वाढू देत नाही आणि सपाट डिस्क शंकूसारखी कलते. मग पॅड पूर्ण टेकत नाही, एकाच पट्ट्यावर दाब येतो, तो पट्टा अधिक तापतो. हॅट कोणत्या चकतीला आणि किती खोल खाचेने जोडायची यावर डिझायनर बराच वेळ घालवतात तो यासाठी. मोटरसायकलच्या फ्लोटिंग डिस्कमध्ये हा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे: बाहेरची कडी आतल्या भागाला पिनांनी सैल जोडलेली असते, त्यामुळे तिला वाढायला मोकळीक मिळते.

डिस्कला पाडलेली भोके दिसायला देखणी असतात, त्यांनी वजन थोडे घटते आणि पावसाचे पाणीही लवकर निघून जाते. पण प्रत्येक भोकाची कड ही भेगेला मिळालेली आयती जागा असते. रोजच्या मोटारीसाठी मी तरी सपाट डिस्कच निवडेन. फॉर्म्युला वनच्या कार्बनच्या डिस्क हजार अंशांना लालभडक होऊनही काम करतात, मात्र थंड असताना त्यांची पकड कच्ची असते, म्हणजे बाजारात जायच्या गाडीला त्या निरुपयोगी.

तयार डिझाइन मग जाणूनबुजून छळले जाते. मोटारीच्या युरोपीय नियमावलीत 45 सेकंदांच्या अंतराने सलग पंधरा वेळा ब्रेक मारून लगेच पुन्हा चाचणी घेतात. थंड ब्रेकच्या किमान 60 टक्के परिणाम मिळालाच पाहिजे. जड वाहनांसाठी 6 टक्के उताराच्या 6 किलोमीटरएवढी चाचणी आहे. तो उतार होतो 360 मीटरचा. बोरघाट त्याहून बराच खोल आहे, आणि ‘लो गिअर वापरा’ या पाटीमागचे गणित हेच: इंजिनाने जेवढा भार उचलला तेवढा डिस्कवरून उतरला.

इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरच ब्रेकचे बरेच काम करते आणि ऊर्जा बॅटरीत परत भरते. त्यामुळे डिस्क लहान करता येतील असे वाटते. पण डोंगरमाथ्यावरच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून सकाळी निघालेल्या गाडीच्या बॅटरीत जागाच नसते. पहिले काही किलोमीटर तिला बहुतेक साध्या ब्रेकवरच उतरावे लागते, आणि बॅटरीमुळे ती शेजारच्या पेट्रोल गाडीपेक्षा जडही असते.