सांज्याचा रवा आणि लापशीचा रवा

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा दुकानात मी 'लापशी रवा' मागितला आणि गर्दीच्या गडबडीत दुकानदाराने त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकून जाड रव्याची अर्ध्या किलोची पुडी हातावर ठेवली. मीही ती न पाहता घरी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट झोपेत वाटीभर रव्यात साडेतीन वाट्या पाणी घालून कुकरला तीन शिट्या दिल्या, आणि झाकण उघडले तेव्हा आत नाश्ता नव्हता, पतंगाचा कागद चिकटवायची खळ होती. तक्रार घेऊन गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाऊ, दलिया म्हणायचं ना मग!"

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्याला पुण्या-मुंबईकडे लापशी रवा म्हणतात, त्याला नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे दलिया हेच नाव रुळले आहे, आणि आपण सांज्याला किंवा उपम्याला वापरतो त्या रव्याला इथले निम्मे गिऱ्हाईक सूजी म्हणते. नावांच्या या घोळातून दोन उलटसुलट समज पसरले आहेत. काहींना दलिया म्हणजे रव्याचाच जाड प्रकार वाटतो, तर काहींना तो ओट्ससारखे वेगळेच धान्य वाटतो. दोन्ही समज चूक आहेत. रवाही गव्हाचा आणि दलियाही गव्हाचाच. त्यामुळे ज्यांना ग्लुटेनच्या त्रासामुळे गहू वर्ज्य आहे, त्यांना या दोहोंपैकी काहीच चालत नाही. फरक धान्यात नसून त्या दाण्याचे काय ठेवले आणि काय काढले, यात आहे.

गव्हाच्या दाण्याच्या वजनात सुमारे 83 टक्के पिठूळ गर, 14 टक्क्यांच्या आसपास कोंडा आणि अडीच टक्क्यांच्या घरात अंकुर असतो. दलिया करताना अख्खा दाणा नुसता भरडतात, त्यामुळे हे तिन्ही भाग त्यात बहुतांशी राहतात. रव्याची रीत वेगळी आहे. गिरणीत गव्हाला आधी पाणी लावून मुरू देतात, त्यामुळे वरचे साल चिवट होऊन मोठ्या पापुद्र्यांनी सुटते आणि आतला गर ठिसूळ होऊन फुटतो. मग चाळण्यांमधून कोंडा वेगळा काढला की गराचे जे रवाळ कण उरतात तो रवा, आणि त्याहून बारीक दळले जाते तो मैदा. दोन्ही चिमूट चिमूट तळहातावर घेऊन उजेडात पाहिले तर हे डोळ्यांना दिसते. रव्याचे कण एकसारखे, फिकट आणि स्वच्छ असतात, तर दलियाचे तुकडे वेडेवाकडे, एका अंगाने पांढरट आणि दुसऱ्या अंगाने तपकिरी दिसतात, कारण त्या अंगाला साल अजून चिकटलेले असते. वाटीभर पाण्यात टाकल्यास दलियाचा थोडा कोंडा वर तरंगतो. रव्याचे पाणी मात्र नुसते पांढुरके होते.

पोषणाचा फरकही इथूनच निघतो, पण तो लोक समजतात तिथे नाही. प्रथिनांच्या बाबतीत दोघे जवळजवळ सारखेच आहेत, 100 ग्रॅमला साधारण 11 ग्रॅम. तंतूंच्या बाबतीत मात्र अख्ख्या गव्हात 100 ग्रॅमला सुमारे 11 ग्रॅम आणि मैद्यात 3 ग्रॅमच्याही आत, असे अंतर आहे. दलिया पहिल्या टोकाच्या जवळ बसतो आणि रवा त्यात किती कोंडा उरला आहे त्यानुसार मध्ये कुठेतरी. शिवाय दलियाचे तुकडे मोठे असल्यामुळे पोटात ते सावकाश फुटतात, म्हणूनच साडेआठला दलिया खाऊन निघालेल्याला अकरा वाजता समोशाची आठवण तितकीशी होत नाही. कोंड्यात लोहही असते, पण त्यातले फायटेट नावाचे द्रव्य ते धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही; क जीवनसत्त्व सोबत असले तर ते जास्त अंगी लागते. त्यामुळे दलियावर लिंबू पिळणे किंवा हिवाळ्यात सोबत एखादे संत्रे खाणे हे नागपूरकराला फुकटात जमण्यासारखे शहाणपण आहे.

आता सकाळच्या घाईचा प्रश्न, ज्यासाठी ही तुलना मुळात करायची. सगळे सांगतात की रवा झटपट होतो आणि दलियाला वेळ लागतो. घड्याळाच्या हिशेबाने ते खरे आहे: रव्याचा कण बारीक असल्यामुळे उकळते पाणी त्याच्या मध्यापर्यंत लगेच पोहोचते आणि झाकण ठेवल्यावर तीन-चार मिनिटांत तो फुलतो, दलियाला कुकरमध्ये तीन शिट्या आणि वाफ जिरेपर्यंतचा वेळ धरून 20 ते 25 मिनिटे लागतात. परंतु घाईच्या सकाळी मोजायची ती घड्याळाची मिनिटे नव्हेत, हातांची मिनिटे आहेत. सांज्याच्या कढईपाशी उभे राहावे लागते, रवा भाजताना हात थांबला की तळाशी करपतो आणि पाण्यात घालताना ढवळणे चुकले की गुठळ्या होतात. दलियाला मात्र फोडणी देऊन, भाजी आणि पाणी घालून कुकरचे झाकण लावले की मुलांच्या वेण्या घालायला, डबे भरायला आणि स्वतःची अंघोळ उरकायला माणूस मोकळा होतो. माझ्या घरात तरी याच कारणाने शाळेच्या दिवसांत दलिया आणि सुट्टीच्या दिवशी सांजा अशी वाटणी झाली आहे. नाश्त्याच्या लेखांत बहुधा याच्या उलट सल्ला असतो, आणि तो देणाऱ्याने सकाळी सात वाजता दोन कामे एकदम केलेली नसावीत अशी मला शंका आहे.

प्रमाण लक्षात ठेवायचे तर वाटीभर भाजलेल्या रव्याला अडीच वाट्या पाणी, आणि वाटीभर दलियाला कुकरमध्ये तीन. दलियात मूठभर मुगाची डाळ त्याच शिट्यांमध्ये शिजून जाते, आणि तिच्यामुळे प्रथिनांची उणीव बरीच भरून निघते. रव्याच्या तीन-चार मिनिटांत डाळ शिजणार नाही. म्हणून सांज्यात शेंगदाणे, वाफवलेले मटार किंवा मोड आलेले मूग घालावेत. असा भाज्या आणि शेंगदाणे घातलेला सांजा नुसत्या गोड दलियापेक्षा कितीतरी बरा नाश्ता आहे, हेही इथे नोंदवले पाहिजे, कारण 'दलिया' या शब्दाला हल्ली पथ्याचे वलय आले आहे आणि त्याच्या आडून वाटीभर साखर सहज खपते.

साठवणीत मात्र दोघे एकमेकांच्या उलट वागतात. रव्यात अंकुर जवळजवळ नसल्यामुळे तो लवकर खवट होत नाही, परंतु पावसाळ्यात त्याला किडे लगेच लागतात. आणल्याबरोबर मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला तर किडीपासून राखण होते आणि सकाळची भाजण्याची सात-आठ मिनिटेही वाचतात. दलियात अंकुराचे तेल असते, आणि पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात ते तेल स्वयंपाकघरातल्या फळीवर खवट व्हायला फार दिवस लागत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दलिया अर्ध्या किलोहून जास्त आणू नये आणि आणला तो फ्रीजमध्ये ठेवावा. रात्री भिजत घालायचा असेल तर तोही फ्रीजमध्येच, नाहीतर सकाळपर्यंत आंबूस वास येतो.

डब्यात न्यायचे असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. सांजा गार झाला की त्यातला स्टार्च आवळून येतो आणि दुपारपर्यंत त्याची वडी पडते, ती चमच्याने कापून खावी लागते. दलियाचे दाणे सालामुळे बऱ्यापैकी सुटे राहतात आणि गारही खाववतात. सांजाच न्यायचा असेल तर पाणी अर्धी वाटी वाढवून तो थोडा सैल उतरवावा.