पळत्या घोड्याचा पाय मोडण्याआधी काय घडतं

शर्यतीत घोड्याचा पाय मोडला की खड्ड्याला, स्वाराला, नाहीतर नजर लागण्याला दोष दिला जातो. बहुतेक वेळा मात्र ते हाड कित्येक आठवड्यांपासून आतून चिरत आलेलं असतं. शर्यतीत दगावलेल्या घोड्यांचे पाय तपासले, तेव्हा बहुतेकांच्या मोडलेल्या जागी जुन्याच इजेच्या खुणा सापडल्या. माळेगावच्या यात्रेसाठी घोडा तयार करणाऱ्या आणि पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून सुटलेला घोडा घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी ही माहिती.

सपाट शर्यतीत बहुधा पुढचाच पाय जातो, आणि त्यातही खुराच्या वरचा मोठा सांधा, फेटलॉक. चौखूर धावताना साडेचारशे किलोच्या घोड्याचा एकच पुढचा पाय क्षणभर अकरा क्विंटलच्या आसपास भार घेतो. तो भार या सांध्यामागची सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं आणि गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाचं खालचं टोक झेलतात.

पावसाळ्यानंतरची घाई

चिरलेलं हाड शरीर आधी पोखरून काढतं, नवं हाड नंतर भरतं. भरायला महिने लागतात. म्हणून दोन महिने बांधून ठेवलेला घोडा बाहेरून ताजातवाना दिसला तरी परतल्यावरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. खांद्याखालचं हाड याच काळात मोडतं. दसऱ्यापासून माळेगावपर्यंत जेमतेम अडीच महिने मिळतात. पहिले चार आठवडे चाल आणि दुडकी, पुढचे तीन-चार हलकी दौड, त्यानंतरच भरधाव; तीही २०० मीटरपासून, दिवसाआड. महिनाभरात भरधाव पळवलेलं एकूण अंतर एकदम वाढलं की धोका वाढतो. घोडा अजिबात पळवला नाही तर हाड वेगाला तयारच होत नाही, हेही खरं.

नाल

टाच बुटकी आणि खुराचं टोक लांब राहिलं की पाऊल उशिरा सुटतं आणि फेटलॉक जास्त खाली दबतो. खूर महिन्याला ८ ते १० मिलिमीटर वाढतो, तेव्हा ४ ते ६ आठवड्यांनी नालबंदी हवीच. पकड यावी म्हणून पुढच्या नालेच्या टोकाला उभी पट्टी लावून मागतात. ती आम्ही लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. पाय जमिनीत अडकतो, घोडा मात्र पुढे जातो.

चंदी

गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जवळपास दहापट असतो. नुसत्या कोंडा-हरभऱ्यावर ठेवलेल्या घोड्याचं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढतं. एक किलो कोंड्याला सुमारे ४० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळा, सोबत लसूणघास द्या. कोंडा कमी केला तर आणखी बरं.

रोज सकाळी

खरारा करताना दोन्ही फेटलॉकवर हाताची मागची बाजू ठेवून ताडून पाहा. एक गरम किंवा भरलेला लागला तर त्या दिवशी पळवू नका. मग कडक सपाट जमिनीवर वीस-तीस पावलं दुडकी. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो.

अशा वेळी फिनाइलब्युटाझोन हे दुखणं दाबणारं औषध देऊन किंवा सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचून पळवणं हा सगळ्यात महाग पडणारा उपाय. दुखणं थांबतं, चीर तिथेच राहते. शिवाय बारीक चीर पहिल्या एक्स-रेत दिसतेच असं नाही. लंगडणं टिकलं तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

अमेरिकेत शर्यतीतल्या मृत्यूंचा आकडा २००९ मध्ये घोडे शर्यतीत उतरण्याच्या दर १००० वेळांमागे २ होता, २०२२ मध्ये १.२५. शर्यतीआधीची तपासणी आणि औषधांचे नियम कडक झाले, ते याच काळात.

मोडलाच तर

घोड्याला चालवू नका, टेम्पोपर्यंतसुद्धा. टेम्पो त्याच्याजवळ आणा. डोकं धरून शांत उभा ठेवा, फेटलॉकपाशी मोडला असेल तर खुरापासून गुडघ्यापर्यंत कापसाचा जाड थर गुंडाळून दोन बाजूंना फळ्या घट्ट बांधा आणि डॉक्टरांना जागेवरच बोलवा. पाय ओढून सरळ करू नका. हाडाची धार कातडी फाडते, आणि जखम उघडी पडली की वाचण्याची आशा फार थोडी उरते.