नाव एका नीअलचं, खूण भलत्याचीच

ओनील आडनावाचा आयरिश माणूस भेटला की तो 'नऊ ओलिसांचा नीअल' या प्राचीन आयरिश राजाचा वंशज, असं सर्रास धरून चालतात. पण हे आडनाव आलं दुसऱ्याच नीअलवरून. 'काळ्या गुडघ्याचा' म्हणून ओळखला जाणारा तो राजा 919 साली डब्लिनजवळ व्हायकिंगांशी लढताना पडला. पहिला नीअल त्याच्याही चार-पाच शतकं आधीचा. तेव्हा आयर्लंडमध्ये पिढीजात आडनावं नव्हतीच.

जुन्या शकावलीत या पहिल्या नीअलचा मृत्यू 405 साली दिला आहे. मुला-नातवंडांच्या नोंदींवरून मागे मोजत गेलं, तर तो पाचव्या शतकाच्या मध्याकडे सरकतो. त्याच्या मुलांपासून निघालेली घराणी म्हणजे 'ई नेल'. उत्तरेत टायरोन-डोनेगल, मध्यात मीथ अशी ती पसरली आणि टारा या आयर्लंडच्या मानाच्या राजगादीचं राजेपद शतकानुशतकं बहुतेक त्यांच्यातच राहिलं.

2006 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी आयरिश पुरुषांच्या, बापाकडून मुलाकडेच जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या 17 खुणा तपासल्या. प्रत्येक खुणेपाशी डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ आला आहे, ते मोजायचं. असा एक ठरावीक संच देशभरात सुमारे 8 टक्के, तर वायव्य भागात 21 टक्क्यांपर्यंत सापडला. तो एकाच पूर्वजाकडून, कदाचित नीअलकडून आला असावा, असं त्यांनी सुचवलं. एकाच पुरुषाचा वंश इतका फोफावू शकतो का? शकतो. 1423 साली वारलेल्या टर्लो ओडोनेल या सरदाराला 14 मुलगे आणि 59 नातू होते.

गोची कालगणनेत आहे. समान पूर्वज 1730 वर्षांपूर्वीचा निघाला, पण चूक धरायची अधिक-उणे 670 वर्षं! एवढ्या फटीत नीअल बसतो, तसा त्याचा खापरपणजाही बसतो. तोच संच पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांतातल्या घराण्यांतही आढळतो, आणि ती स्वतःला नीअलच्या भावांचे वंशज म्हणवतात. वंशावळी खऱ्या मानल्या तर पूर्वज निदान त्यांचा बाप तरी हवा. त्यात पुष्कळ ओनीलांमध्ये हा संच नाहीच.

म्हणून चाचणीच्या अहवालात 'एम222', म्हणजे याच वंशशाखेची ओळख पटवणारा वाय गुणसूत्रातला बदल, दिसला की लगेच राजघराणं गाठू नये. वाय गुणसूत्र फक्त बाप-आजा-पणजा ही एकच रेघ दाखवतं. दहा पिढ्यांमागच्या 1024 पूर्वजांपैकी एकाचीच. खरी शाखा शोधायची, तर एम222 नंतर घडलेले बदल तपासून घ्यावेत आणि ते ज्यांची वंशावळ कागदोपत्री पक्की आहे अशा पुरुषांशी ताडून पाहावेत.